तिसऱ्या ओळीपासून वाच: सीमाभागातल्या मराठी शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी नवी होते. चौथीतला एक मुलगा पाठ असा घडाघडा वाचायचा की ऐकत राहावं. स्वल्पविरामाला थांबायचा, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायचा. दसऱ्याच्या सुट्टीआधी एक दिवस सहज म्हटलं, "आज तिसऱ्या ओळीपासून वाच बघू." तो पुस्तकाकडे बघत उभा राहिला. मग ओठ हलू लागले. पहिल्या दोन ओळी त्याने तोंडातल्या तोंडात म्हणून संपवल्या आणि तिसरी आली तसा आवाज मोठा केला. अख्खा पाठ त्याला पाठ होता, पण तिसरी ओळ पानावर नेमकी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं.

चूक त्याची नव्हती. जूनपासून मी एक वाक्य म्हणायचे आणि वर्ग माझ्या मागून ओरडायचा. चार महिने तो पोरगा कानाने शिकत होता आणि मी त्याला वाचन समजत होते.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत यंदा पहिल्यांदा वर्गावर उभ्या राहणाऱ्यांसाठी आहे. त्यातही अतिथी शिक्षकांसाठी, कारण त्यांच्या हातात खडू आधी येतो आणि प्रशिक्षण नंतर, आलं तर. मुलाला वाचायला आधार कसा द्यायचा, आणि त्याहून अवघड म्हणजे तो काढायचा कसा, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक पालकसभा सांगते. सेंटरिंगचं काम करणाऱ्या एका वडिलांनी विचारलं, "बाई, पोरगं वाचतंय न्हवं?" मी म्हटलं, "स्लॅब टाकलाय, अजून सेंटरिंग काढलेलं नाही." ते हसले. म्हणाले, "मग घाई करू नका. पण वर्षभर ठेवूबी नका, टेकू हायेत तोवर खालची खोली वापरता येत न्हाई." शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मला याहून सोपं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही.

पुस्तकांतही जवळपास हेच आहे. १९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना मोठं माणूस त्यांना कशी मदत करतं ते पाहिलं आणि त्या मदतीला परांचीची उपमा दिली. पुढे १९८३ मध्ये पिअर्सन आणि गॅलघर यांनी वाचन शिकवण्यासाठी तीच कल्पना पायऱ्यांत मांडली: जबाबदारी आधी शिक्षकाकडे, मग दोघांकडे, शेवटी मुलाकडे.

आणि हे काही परदेशातून नव्याने आणायचं नाही. आपल्या कर्नाटकातच १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात खेळत शिकण्याची नली-कली पद्धत सुरू झाली. तिच्या वर्गातले गट, म्हणजे 'तट्टे', आठवून बघा: शिक्षकांच्या पूर्ण मदतीने, थोड्या मदतीने, सोबत्याच्या मदतीने, सोबत्याच्या थोड्या मदतीने आणि पाचवा गट स्वतःचा स्वतः. आधार पायरीपायरीने कमी करण्याचा हा अख्खा नकाशा पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी तयार आहे. माझी तक्रार एकच. काही वर्गांत जूनमध्ये पहिल्या तट्टेवर बसलेली मुलं मार्चमध्येही तिथेच दिसतात. तट्टे भिंतीवर राहतात, मुलं हलत नाहीत.

पहिला आठवडा: शिकवू नका, ऐका

बावीस मुलं असतील तर रोज चार-पाच घ्या, आठवड्यात होतात. सकाळचं दूध झालं की बाकीच्यांना चित्र काढायला द्या आणि एकेकाला जवळ बोलवा. पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका, तो त्यांनी मोठ्या भावंडांकडून ऐकलेला असतो. एक इयत्ता खालच्या पातळीचा, पाच-सहा ओळींचा मजकूर स्वतः कार्डावर लिहा.

तीन गोष्टी करायला सांगा. तिसऱ्या ओळीपासून वाच. मग एखादा शब्द सांगून, "हा कुठे आहे, बोट ठेव." शेवटी कार्ड उलटं ठेवून, "काय झालं ते मला सांग."

वहीत तीन रकाने आखा: कुठे अडलं, अडल्यावर त्याने काय केलं, काय कळलं. यातला मधला रकाना सोन्याचा. कुणी अडलं की तुमच्या तोंडाकडे बघतं. कुणी पहिलं अक्षर बघून अंदाजाने ठोकून देतं, 'ओढा'चा 'ओटा' करतं. कुणी शब्द गिळून पुढे जातं. क्वचित कुणी मागे जाऊन वाक्य परत वाचतं. या चौघांना एकच आधार देऊन चालणार नाही. २००५ पासून चालत आलेली, गावोगावच्या मुलांचं वाचन बघणाऱ्या 'असर' या पाहणीची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही तपासणी मूल कोणत्या पायरीवर आहे हे पटकन सांगते आणि ती जरूर वापरा. पण हा मधला रकाना त्यात नसतो.

इथे एक सावधगिरी. कार्डावर 'तो शेताकडे जात आहे' असं आहे आणि मुलाने 'तो शेताकडं जाऊलालाय' असं वाचलं, तर लाल पेन खिशातच ठेवा. ही चूक नाही. त्याने अक्षरं उलगडली, अर्थ धरला आणि तो आपल्या घरच्या भाषेत सांगितला. असं मूल अर्थापर्यंत पोचलेलं असतं. "बरोबर, आणि पुस्तकात कसं लिहिलंय बघू?" एवढं पुरे. उलट 'जात आहे' अगदी छापल्यासारखं वाचून 'कोण जात आहे' विचारल्यावर गप्प बसणाऱ्या मुलाची काळजी जास्त करा.

मी वाचते, तुम्ही माझ्याकडे बघा

आता शिकवायला सुरुवात. फळ्यावर किंवा चार्टवर मोठ्या अक्षरात उतारा लिहा. मी वापरते तो असा:

'पाऊस थांबेना. मल्लूचे वडील दारातच बसून होते. दोनदा उठून त्यांनी ओढ्याकडे पाहिले. रोप लावायला आलेल्या बायका परत गेल्या. आईने चुलीवर रताळी ठेवली. "आज काही होत नाही," ती म्हणाली.'

वाचताना डोक्यात जे चालतं ते मोठ्याने बोला. नव्या माणसाला याची लाज वाटते, पहिल्या दोन दिवसांत जाते. माझं बोलणं साधारण असं:

"पाऊस थांबेना. थांबेना म्हणजे थांबत नाही, बराच वेळ पडतोय. मल्लूचे वडील दारातच बसून होते. 'दारात' नाही, 'दारातच'. हा 'च' का आला असेल? बाहेर जायचं असेल आणि जाता येत नसेल. पुढे बघते. दोनदा उठून त्यांनी... ओ, ढ, ओढ... थांबा, मी चुकले, ढ्या आहे, ओढ्याकडे. ओढ्याकडे कशाला बघतात? इथे लिहिलेलं नाही. आपल्याकडे पावसात ओढा वर आला की पलीकडच्या शेतात जाता येत नाही. तसंच असणार. पुढच्या ओळीत बायका परत गेल्या, म्हणजे माझा अंदाज जुळला."

मुद्दाम अडखळले ते बघितलंत? मोठी माणसंही अडतात आणि अडल्यावर मागे जातात, हे मुलांनी पाहिलेलंच नसतं. त्यांना वाटतं, ज्याला येतं त्याला सरळ येतं.

नव्या शिक्षकांची इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी सगळ्या पाठाचा अर्थ सांगून टाकणं. मीही वर्षानुवर्षं केलं. गोष्ट रंगवून सांगायची, मुलं हसायची, मग "आता वाचा". वाचायचं कशाला? सगळं तर बाईंनी सांगितलं. अर्थ सांगू नका, अर्थ कसा शोधला ते दाखवा. आणि एका आठवड्यात एकच सवय दाखवा. या आठवड्यात 'अडलं की मागे जा', पुढच्या आठवड्यात 'न लिहिलेलं ओळख'. पाच गोष्टी एकदम दाखवल्या तर मुलांना फक्त बाई खूप बोलतात एवढंच दिसतं.

मिळून वाचू, पण माझा आवाज कमी होत जाईल

सामुदायिक वाचन वाईट नाही. लाजरी मुलं त्यात आवाज काढायला शिकतात आणि वाक्याची चाल कानात बसते. ते जून ते मार्च एकाच आवाजात चालतं, तिथे बिघडतं.

एकाच उताऱ्यावर चार दिवस घालवा. पहिल्या दिवशी तुमचा आवाज वर, मुलं सोबत. दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज खाली. तिसऱ्या दिवशी ओळीतल्या शेवटच्या दोन शब्दांना तुम्ही गप्प. चौथ्या दिवशी फक्त पहिला शब्द तुमचा. रोज फळ्यावर पट्टी शब्दांखालून फिरली पाहिजे, आणि तिसऱ्या दिवसापासून ती पट्टी मुलाच्या हातात द्या. पट्टी धरणारं मूल शब्द सोडून पुढे सरकलं की वर्गच ओरडतो, तुम्हाला काही करावं लागत नाही.

पाठांतर पकडायला दोन युक्त्या. एक तुम्हाला माहीत आहे: मधल्याच ओळीपासून वाचायला सांगणं, रोज, सगळ्यांना, परीक्षा म्हणून नाही तर खेळ म्हणून. दुसरी म्हणजे उताऱ्याची वाक्यं पट्ट्यांवर लिहून कापायची, मिसळायची आणि मुलांना लावायला द्यायची. 'आईने चुलीवर रताळी ठेवली' आधी की बायका परत गेल्या आधी, यावर एकदा चौथीच्या वर्गात अर्धा तास वाद झाला. एकीचं म्हणणं, रताळी तर सकाळीच ठेवतात. शेवटी 'आज काही होत नाही' ही ओळ कुणी म्हणाली यावरून त्यांनी निकाल लावला. मी खुर्चीवर बसून होते. त्या वर्षातला तो माझा सर्वांत चांगला तास.

जोडी

हुशार मुलाशेजारी अगदी कच्चं मूल बसवायची आपली रीत आहे. ती मोडा. त्या जोडीत एक वाचतो आणि दुसरा मान हलवतो. थोड्याच अंतरावरची दोन मुलं एकत्र बसवा आणि महिन्याने जोड्या बदला, म्हणजे कुणावर शिक्का बसत नाही.

जोडीचा एकच नियम: सोबत्याने शब्द सांगायचा नाही. माझ्या वर्गात एक मुलगी इतकी प्रेमळ होती की शेजारणीने तोंड उघडायच्या आत शब्द पुरवायची. रागावून उपयोग झाला नाही. मग तिच्या हातात एक कार्ड दिलं, त्यावर तीनच वाक्यं: 'परत वाच.' 'काना-मात्रा बघ.' 'हे वाक्य तुला पटतंय का?' म्हटलं, यातलं काहीही म्हण, दुसरं काही म्हणायचं नाही. आठवड्यात ती शेजारीण वाचायला लागली. दिवाळीनंतर ते कार्डही काढून घेतलं, कारण दोघी ते न बघताच म्हणायला लागल्या होत्या.

पाचवी ते सातवीत अक्षरं सरळ वाचणारी, पण अर्थ हाती न लागणारी मुलं बरीच असतात. त्यांच्यासाठी चौघांचा गट करा आणि कामं वाटा: एकाने पुढे काय होईल याचा अंदाज करायचा, एकाने प्रश्न विचारायचा, एकाने अडलेला शब्द किंवा वाक्य उलगडायचं, एकाने थोडक्यात सांगायचं. दर परिच्छेदाला कामं फिरवायची. पॅलिन्सार आणि ब्राऊन या दोघींनी १९८४ साली सातवीच्या अशाच मुलांसोबत केलेलं हे काम आहे. सुरुवातीला चारही कामं तुम्ही करून दाखवायची, मग हळूहळू मागे सरकायचं. आठवडाभर गोंधळ होईल. होऊ द्या.

एकट्याने

रोज दहा मिनिटं, सगळे शांत, हातात स्वतः निवडलेलं पुस्तक. तुम्हीही वाचा. हजेरीपट घेऊन बसलात तर मुलं ते बघतात.

पुस्तक निवडायला बोटांचा हिशेब शिकवा. एक पान वाचायचं, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक जड, ते आपण मिळून वाचू. एकही मिटलं नाही तर मजेसाठी घरी न्यायचं. छोट्या पुस्तकांत पानावर शब्दच कमी असतात, तिथे तीन बोटं धरा.

पुस्तकं कुठून आणायची हा खरा प्रश्न. आपली पाठ्यपुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकांना जुळणारं महाराष्ट्रातलं साहित्य जसंच्या तसं चालत नाही. पण अवांतर वाचनाला कसली आली सीमा? चंदगड, गडहिंग्लजला पाहुणे असतात, त्यांच्याकडून 'किशोर' मासिकाचे जुने अंक मागवा. फोनवर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडा, तिथे गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे सापडतात. छापायला पैसे नसतील तर वर्गानेच लिहिलेल्या गोष्टी दोऱ्याने शिवा. यात्रा, नांगरणी, बस चुकली, आजीची शेळी. स्वतः लिहिलेलं मुलं तीनतीनदा वाचतात.

मूल अडलं की तुम्ही काय करायचं

सगळ्यात अवघड हेच, म्हणून जरा थांबून सांगते. मूल अडलं की आपल्या तोंडातून शब्द आपोआप निघतो. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत घड्याळ लावून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि सुधारली. माझंही त्या शिक्षकांसारखंच होतं. मी हात मागे बांधून बोटांवर पाच मोजायला लागले, तेव्हा जमलं.

मग उतरत्या क्रमाने नाही, चढत्या क्रमाने मदत. म्हणजे आधी सर्वांत कमी:

१. पाच मोजा. गप्प.
२. "मागे जाऊन वाक्य परत वाच."
३. "या शब्दातला तुला येणारा तुकडा कुठला?" 'शेजारच्यांकडूनसुद्धा' असा शब्द आला की त्यातलं 'शेजार' हाताने उघडं ठेवा, बाकी झाका. मग 'च्यां', मग 'कडून', मग 'सुद्धा'. मराठी शब्द डब्याला डबा जोडलेल्या रेल्वेसारखा असतो, मुलाला जोड दाखवावे लागतात.
४. "हे असेल की ते?" दोन पर्याय द्या.
५. शब्द सांगा, वाक्य पुन्हा वाचायला लावा आणि पुढे जा. शब्द सांगणं पाप नाही. तो पहिला उपाय नको, एवढंच.

कुठल्या क्रमांकाला काम झालं ते वहीत लिहा. गेल्या महिन्यात चारवर सुटणारं मूल आता दोनवर सुटत असेल, तर आधार आपोआप निघतोय.

जोडाक्षरांत रफाराकडे नीट लक्ष द्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. खूण बदलली की अर्थ बदलतो हे दिसलं की मुलं वरच्या खुणेकडे बघायला लागतात. 'चहा' आणि 'चाक' यांतला च मात्र एकच लिहिला जातो आणि उच्चार दोन. तिथे अक्षर मदतीला येत नाही, शब्द ओळखीचा असावा लागतो. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना हे जड जातं. त्यांना आधी ऐकवा, मग वाचायला द्या.

कन्नडला सोबती करा

२०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर मुलं पहिलीपासूनच दोन लिप्या हाताळतात. यावर चिडणारे सहकारी तुम्हाला भेटतील. त्यांचं राजकारण त्यांना, तुम्हाला उद्या सकाळी दहा वाजता वर्ग आहे. त्या वर्गाच्या दृष्टीने दोन लिप्या म्हणजे फुकटात मिळालेला आधार आहे. वर्णमालेचा क्रम जवळपास तोच, आपली बाराखडी ती त्यांची कागुणित. एका भाषेत स्वरचिन्हाची गंमत कळली की दुसरीत निम्मं काम होतं. अंदाज करणं, मागे जाणं, प्रश्न विचारणं या सवयी तर भाषा बघतच नाहीत.

गोंधळ कुठे होतो ते मात्र माहीत असावं. आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. कन्नडमधला अर्कावत्तु त्या अक्षराच्या नंतर, उजवीकडे लिहितात, आणि तो दिसतो कन्नड नऊच्या आकड्यासारखा. उच्चार दोन्हीकडे आधीच. बसच्या पाटीवर 'कर्नाटक' कन्नडमध्ये वाचताना तिसरीतल्या एकाने मला विचारलं होतं, "बाई, मधे नऊ कशाला?" प्रश्न उत्तम होता. त्या दिवशी दोन्ही लिप्यांत 'कर्नाटक', 'सूर्य', 'वर्ग' लिहून 'र कुठं बसलाय' हा खेळ खेळलो. दुसरं म्हणजे कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही आहेत, आपल्याकडे एकेकच. आणि तिथे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बहुधा खाली लोंबतं. कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी आठवड्यातून दहा मिनिटं बोला. दोघांनी एकाच आठवड्यात 'अडलं की मागे जा' घेतलं तर मुलाला ती सवय दोनदा मिळते.

आधार काढताना

वर्गातला प्रत्येक आधार लिहून काढा: तुमचा आवाज, पट्टी, बोट, चित्र, अर्थाचे शब्द फळ्यावर, सोबतीचं कार्ड, प्रश्नांची यादी. प्रत्येकापुढे तो कोणत्या खुणेवर काढणार ते लिहा. तारखेवर जाऊ नका, खुणेवर जा. उदाहरणार्थ, नव्या उताऱ्यातल्या मधल्या ओळीपासून मूल सरळ वाचतं, तर पट्टी बंद. सोबतीचं कार्ड न बघता तीनही वाक्यं येतात, तर कार्ड बंद. प्रश्नांची यादी काढायच्या आधी आठवडाभर प्रश्न मुलांनाच तयार करायला लावा.

एका वेळी एकच काढा. मी एकदा उत्साहात पट्टी, चित्रं आणि जोड्या एकाच सोमवारी बंद केल्या. बुधवारी वर्ग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मजकूर अवघड झाला, विज्ञानाचा किंवा समाजाचा पाठ आला, की काढलेला आधार परत लावायला लाजू नका. गोष्ट एकट्याने वाचणारं मूल नकाशाखालच्या चार ओळींत अडकू शकतं.

वेगाच्या मागे फार लागू नका. २०२१ पासून निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य आहे. त्यातला 'समजून' बहुतेक जण गिळतात. शिवाय मराठीतला एकेक शब्द कुठे संपतो ते तुम्ही वर पाहिलंच. तपासणीला कुणी आलं आणि घड्याळ काढलं तर वाचून झाल्यावर "काय झालं ते सांग" हे तुम्हीच मुलाला विचारा. साहेबांना ऐकू द्या.

एकाच खोलीत तीन-चार इयत्ता असतील, आणि बहुधा असतीलच, तर चाळीस मिनिटांचा तास असा फोडा: दहा मिनिटं सगळ्यांसमोर दाखवणं, वीस मिनिटं एका गटासोबत तुम्ही आणि बाकीचे जोडीत किंवा एकटे, शेवटी दहा मिनिटं कुणी काय वाचलं ते सांगणं. रोज गट बदला. आठवड्यातून प्रत्येक मूल एकदा तुमच्या वीस मिनिटांत आलं पाहिजे. जी मुलं तुमच्याशिवाय बसू शकत नाहीत, त्यांना आधी पाच मिनिटंच एकटं सोडा.

घरी वाचून घ्या असं सांगितलं की आया संकोचतात, "आमास्नी येत न्हाई." आजीला वाचता यायची गरज नाही. तिने फक्त भाकऱ्या थापताना दोन गोष्टी विचारायच्या: "मग काय झालं?" आणि "तुला कसं कळलं?" एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत हेच सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

मार्चमध्ये

पहिल्या आठवड्यातली वही काढा आणि तीच तपासणी नव्या कार्डावर करा. यावेळी मधला रकाना आधी भरा. मग वर्गाच्या वाचनपेटीची किल्ली आणि नोंदवही दोन मुलांच्या हाती द्या. कोण काय घेऊन गेलं, कुणी अर्ध्यावर परत आणलं, हे त्यांनीच लिहायचं. अर्ध्यावर परत येणारी पुस्तकं बघत राहा, तिथे कुठला तरी आधार लवकर निघालेला असतो.

१० एप्रिलच्या सुमारास सुट्ट्या लागायच्या आत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन ओळी लिहा: कोणता आधार निघाला, कोणता अजून लागतो. ती वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकाच्या हातात द्या. तुम्ही अतिथी शिक्षक असाल आणि जूनमध्ये तुमची नेमणूक पुन्हा होईल की नाही याचा पत्ता नसेल, तर मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि कव्हरवर इयत्ता मोठ्या अक्षरात लिहा.